दोन माणसांचं ओझं

चाबहिलच्या चौकात पोलिसाने हात आडवा केला म्हणून हर्कमायाने आपला बॅटरीवरचा टेंपो थांबवला, आणि पाठीमागच्या जाळीवर अंगठीने टकटक करत कुणीतरी ओरडलं, “अरे, ही तर आपली हर्के!” काठमांडूत तिला हर्के म्हणणारं आता कुणी राहिलं नव्हतं. प्रवासी दिदी म्हणत, रांगेतले बाकीचे टेंपोवाले पाठीमागे वाघीण म्हणत, आणि नवरा बुढी म्हणे. तिने आरशात पाहिलं नाही. तो आवाज तिच्या पोटाने आधीच ओळखला होता. तंबूच्या कापडावर काठी आपटत “उठा रे, सूर्य काही तुमचा नोकर नाही” म्हणणारा, ओझेवाल्यांच्या रांगेच्या तोंडापासून शेपटापर्यंत एका दमात पोचणारा आवाज. हस्तबीर दाजू, सगळ्यांचा थोरला भाऊ. तेव्हाचा सरदार, म्हणजे गोऱ्या पाहुण्यांच्या तुकडीवरचा मुकादम. कुणी किती उचलायचं, मुक्काम कुठे पडायचा, कुणाला परत धाडायचं, सगळं त्याच्या जिभेवर. पोलिसाचा हात खाली आला. मागच्या मायक्रोबसने भोंगा धरला. हर्कमायाचा पाय मात्र ब्रेकवरच राहिला.

“अगं बहिनी, गाडी चालवतेस की काय आता! ओळखलंस ना मला?”

“ओळखलं,” ती म्हणाली आणि टेंपो पुढे काढला.

तो गप्प बसणारा नव्हताच. दात बसवायला शहरात आलो होतो, नातीला ऑस्ट्रेलियाला जायचंय, गुडघे गेले, धंदा आता पोरगा बघतो, असं सगळं त्याने दोन गतिरोधकांच्या मध्ये सांगून टाकलं. मग आपल्याकडे कुणी बघत नाही हे लक्षात आलं असावं, कारण तो इतर प्रवाशांकडे वळला. “तुम्हाला माहीत आहे का, कुणाच्या टेंपोत बसलाय तुम्ही? सेर्कुमची खिंड ऐकलीये? तिथे माणूस चार पावलं टाकतो आणि म्हाताऱ्या बैलासारखा धापा टाकत उभा राहतो. हिचा नवरा आजारी पडला, तर या बाईने काय करावं? त्याचं ओझं आपल्या ओझ्यावर बांधलं, कपाळाला पट्टा लावला आणि खिंड पार! दोन माणसांचं ओझं! गोरे अजून मागे रांगतायत आणि ही माथ्यावर उभी! आजकालच्या पोरांना पाठीवर दप्तर जड होतं.” कॉलेजातली एक मुलगी जाळीशी तोंड आणून म्हणाली, “दिदी, खरंच?” आणि मांडीवर कोबीची पिशवी घेऊन बसलेली म्हातारी कौतुकाने म्हणाली, “नशीबवान गं तुझा नवरा!”

राग हर्कमायाला नवा नव्हता. सकाळी टेंपो काढताना ती रागातच काढी. मायक्रोबसवाल्यांचा राग, खोदून तसेच टाकून दिलेल्या रस्त्यांचा राग, सुटे नसताना हजाराची नोट पुढे करणाऱ्यांचा राग. पण तो पितळी भांड्यावरच्या कळंकासारखा होता, वरवरचा, रोज घासून काढण्यासारखा. हा त्याखालचा होता. त्याला हात लावायचा नाही असं तिचं तिनेच ठरवलेलं होतं. आणि आता या माणसाने तो सगळ्यांसमोर बाहेर काढला, हार घालून, ओवाळून. शिवी दिली असती तर परतवता आली असती. स्तुतीला काय करायचं? तिचे कान तापले, हँडलवर तळवे घामाने घसरू लागले. पौषाची थंडी होती, समोरून धूळ येत होती, आणि तिला नाकात एकदम रॉकेलचा वास आला. त्या पहाटेच्या स्वयंपाकाच्या तंबूतला, स्टोव्ह पेटत नव्हता तेव्हाचा.

ती तेव्हा स्वयंपाकाच्या तंबूत झोपे, कारण तुकडीत ती एकटीच बाई होती. तिचा नवरा रणधोज आणि बाकीचे ओझेवाले दगडांच्या आडोशाला, वर प्लास्टिक ताणून. दोन दिवस त्याचा खोकला रात्री तिथून इथवर ऐकू येत होता. आदल्या संध्याकाळी तो भात न खाता बसून राहिला होता. चालताना झोकांड्या जात होत्या. तिने विचारलं तर म्हणाला, “डोकं दुखतंय, झोपलो की बरं वाटेल.” लग्नाला तीन पावसाळे झाले होते. खोटंगच्या उतारावरचं मक्याचं शेत धाकट्या दिराला सांभाळायला देऊन दोघं एकत्र ओझी वाहायला निघाली होती, आणि वाटेत ती सारखी त्याला विचारायची, खिंडीपलीकडे काय असतं रे? तो म्हणायचा, असणार काय, दगड. दगडच असतील तर बघू की पलीकडचे, ती म्हणायची. त्या पहाटे अंधारात हस्तबीर तंबूत आला. हातात रणधोजचे बूट होते, कंपनीने दिलेले, जाड तळाचे. म्हणाला, “त्याला खाली धाडलंय. वर नेला असता तर मेला असता. तोच म्हणाला, माझं ओझं हर्केला दे, बूटही तिलाच दे, खिंडीत तिला लागतील, मी उताराने कापडी बुटांत जाईन. चल, मोजे कोंब आणि पाय घाल. वारा सुटायच्या आत माथा गाठायचाय.”

“एकटा गेला?” तिने विचारलं होतं. हे तिला पक्कं आठवतं. आणि हस्तबीर म्हणाला होता, “पोरगा आहे का तो?” बूट आतून थोडे ओलसर होते, उबदार होते. नुकतेच पायातून काढलेले. त्या उबेत पाय घालताना तिला नवऱ्याबद्दल जे वाटलं, ते पुढे तिला कधीच कुणाबद्दल वाटलं नाही. स्वतःच्या पायातले काढून दिले त्याने! मग ती चढली. दोन माणसांचं ओझं, कपाळपट्टा भुवयांपर्यंत रुतलेला, डोळ्यांसमोर फक्त ते दुसऱ्याचे बूट, एक पुढे, एक मागे. छातीत हवा जाईना. जाई ती सुईसारखी. आणि माथ्यावर पोचली तेव्हा उजाडलं. पलीकडे खरोखरच दगड होते. करडे, तांबूस, लांबवर पसरलेले दगड, आणि त्यांच्यावर ऊन असं सांडत होतं की तिला मोठ्याने हसू आलं. अंगातलं रक्त ढोलासारखं वाजत होतं. आयुष्यात इतकी ताकद, इतका आनंद तिला कधीच वाटला नव्हता. हे तिने कुणाला सांगितलं नाही. कारण त्याच दिवशी, खिंडीच्या अलीकडच्या बाजूला, रणधोज वाट चुकून याकच्या एका रिकाम्या गोठ्यात जाऊन पडला होता. दुसऱ्या दिवशी गुराख्याला सापडला तेव्हा दोन्ही पायांची बोटं काळी पडली होती आणि उजव्या हाताची तीन.

तो वाचला, हे लोक दैव म्हणून सांगत. इस्पितळातल्या खाटेवर तो पहिलं वाक्य बोलला ते, “बघितलेस का दगड?” तिला आधी वाटलं, थट्टा करतोय. मग तो म्हणाला, “बूट मागवून घेतलेस. तेवढं तरी स्वतः येऊन मागायचंस.” तिने सांगितलं, मी कुठे मागितले, तूच पाठवलेस. तो म्हणाला, मी नाही पाठवले, तू मागितलेस. तिने डॉक्टरला विचारलं. डॉक्टर म्हणाला, त्या उंचीवर मेंदूला सूज येते, माणसाला स्वतःचं नावसुद्धा आठवत नाही. हे उत्तर तिने घट्ट धरून ठेवलं. त्याचं डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतं, त्याला उलटंसुलटं आठवतंय, आजाऱ्याशी काय वाद घालायचा. पण मग तो आजारी राहिला नाही, तरी तेच म्हणत राहिला. ओरडून नाही, भांडून नाही, जेवताखाता, सहज. सूप निवालं तर, “खिंडीपलीकडून आणलंस वाटतं.” तिची चप्पल तुटली तर, “माझे बूट घे की. मला काय त्यांचं.” ताटावर बसताना तो आपला उजवा हात मुद्दाम तिच्यासमोर ठेवी, अंगठा आणि एक बोट, खेकड्याच्या नांगीसारखा. ती वाढायची आणि मनात म्हणायची, खोटारडा. दान देऊन पस्तावला आणि आता मलाच चोर ठरवतोय. आणि त्याच्याही मनात तिच्याबद्दल हाच शब्द असणार, हे तिला त्याच्या चावण्याच्या आवाजावरून कळायचं. वर्षं गेली. मूल झालं नाही. दोघं शहरात आली, ती टेंपो शिकली, त्याला घराखाली बिड्या-नूडल्सच्या दुकानाचं खोकं थाटून दिलं. भांडण एकदाही पुरतं झालं नाही. दोघंही एका वाक्यापाशी येऊन थांबत, तूच म्हणालास, तूच म्हणालीस, आणि भात निवून जाई.

जोरपाटीला सगळे उतरले. कोबीवाली म्हातारी खिडकीशी येऊन पैसे देताना तिच्या मनगटाला हात लावून गेली, देवळातल्या मूर्तीला लावावा तसा. हस्तबीर उतरला नाही. “भाइ कसा आहे माझा, तुझा नवरा?” त्याने विचारलं. “हसवायचा कसला! गातो का अजून?”

हर्कमायाने आता आरशात पाहिलं. केस काळे केलेले, सोन्याचा एक दात, डोळ्यांत खरोखरीची माया. या माणसाला काही आठवत नव्हतं असं नाही. सगळं आठवत होतं, फक्त त्याला ते छान आठवत होतं. तिला एकदम वाटलं, याला घेऊन जावं. जो राग नवरा मला रोज ताटात वाढतो, तो याला वाढताना बघावा. खाली एकट्याला धाडलं कुणी? मी? एकदा तरी त्याने योग्य माणसाकडे तोंड करावं.

“घरी चला, दाजू,” ती म्हणाली. “बॅटरी बदलायला तिकडेच जायचंय. तो आहे घरी.”

नयाबस्तीची चढण चढताना टेंपो कण्हत होता. रणधोज खोक्यात बसून रेडिओ ऐकत होता. टेंपोतून कोण उतरतंय हे दिसताच त्याचं तोंड असं उजळलं, की हर्कमाया पायरीवरच थबकली. हे तोंड तिने विसरूनच टाकलं होतं. “दाजू! अहो, इकडे कुठे वाट चुकलात! या, या, बसा!” त्याने स्वतःखालचं स्टूल काढून पुसलं, आणि पुसता पुसता उजवा हात झटकन शालीखाली घेतला. पाहुण्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. तिच्या ताटासमोर रोज मांडून ठेवलेला तो हात!

“बुढी, जाँड आण की. नाचणीची आहे ना कालची? दाजूंना काय कोरडं बसवतेस?”

तिने नाचणीची ती घरची दारू, जाँड, आणली. ओतताना भांडं काठावर आपटलं, थोडी सांडली. दोघांचं लक्ष नव्हतं. ते एकेक नाव काढत होते. तो लंगडा आचारी, ती सारखी रडणारी गोरी बाई, पूल ओलांडताना नदीत पडलेली कोंबड्यांची टोपली. रणधोज हसत होता, मांडीवर डावा हात मारून मारून. हर्कमाया दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. म्हणजे याला हसता येतं. म्हणजे हे सगळं शिल्लक होतं, आणि ते माझ्यासाठी नव्हतं. ज्याने थंडीत एकटं हाकललं त्याला जाँड, आणि जी रोज धूर खाऊन पैसे आणते तिला नांगी. विचार, ती मनात म्हणत होती, विचार की त्याला. मला विचारतोस ते त्याला विचार.

“पण बहिनीने मान राखला हं त्या दिवशी,” हस्तबीर ओठ पुसत म्हणाला. “आत्ताच टेंपोत सांगत होतो सगळ्यांना. दोन माणसांचं ओझं.”

रणधोजचं हसू जागच्या जागी राहिलं. “हो,” तो म्हणाला. “बूट चांगले होते ना.” आणि तिच्याकडे बघितलं, रोजच्यासारखं.

“बूट!” हस्तबीर मोठ्याने हसला. “अरे, त्या बुटांची तर गंमतच आहे. आता सांगायला काय हरकत! अरे, तुम्ही दोघं म्हणजे राघूमैना. मी म्हटलं, याला खाली धाडायचं म्हटलं की ही मागे जाणार. हिला पुढे काढायचं म्हटलं की हा रडत बसणार. माझी दोन माणसं कमी! खिंड राहिली असती, गोऱ्यांची विमानं चुकली असती, माझं नाव गेलं असतं. मग काय केलं? याला सांगितलं, हर्के पुढे जायचं म्हणतेय, तिनेच बूट मागितलेत. आणि तिला सांगितलं, त्यानेच पाठवलेत. दोघंही शहाण्यासारखी आपापल्या वाटेने! सरदाराला असं करावंच लागतं रे. डोकं वापरावं लागतं.” त्याने भांडं पुढे केलं. “ओत, बहिनी.”

रेडिओवर कुणीतरी खताची जाहिरात करत होतं. खोक्यावर टांगलेली बिस्किटांची पाकिटं वाऱ्याने एकमेकांवर घासत होती. हर्कमायाला तिच्या दोन्ही पायांत एकदम ती ऊब जाणवली, बुटांतली. ती ऊब त्याच्या पायातून ओरबाडलेली होती. ती त्या उबेवर वर्षानुवर्षं जगली होती. तिला वाटलं होतं, काही झालं तरी एकदा कुणीतरी आपल्याला हे दिलं होतं.

“तिने नव्हते मागितले?” रणधोजने विचारलं. आवाज अगदी साधा होता, दुकानात भाव विचारावा तसा.

“नाही रे! ती बिचारी तर विचारत होती, एकटा गेला का म्हणून.”

“आणि मी म्हणालो होतो, तिला एकदा इकडे बोलवा.”

“म्हणालास की. मी म्हटलं, ती केव्हाच ओझं बांधून निघाली.” आता कुठे हस्तबीरने एकाकडून दुसऱ्याकडे पाहिलं. “का रे? जुनी गोष्ट आहे ही. जगलास ना तू? वर नेला असता तर मेला असतास, डॉक्टरच म्हणाला होता मला. संत्री घेऊन आलो होतो की मी इस्पितळात.”

रणधोजने शालीखालून हात बाहेर काढला आणि फळीवर, जाँडीच्या भांड्याशेजारी ठेवला. “दाजू, उठा,” तो म्हणाला.

“अं?”

“उठा तुम्ही. जा.”

हस्तबीर हसायला गेला, पण कुणी साथ दिली नाही. तो उठला, गुडघ्यांवर हात देत, पुटपुटत; तुमच्या भल्यासाठी केलं, माणसाचं भलं करू नये, काळच तसा आलाय. नयाबस्तीच्या वळणापर्यंत त्याचं पुटपुटणं ऐकू येत होतं. त्याला खरंच काही कळलं नव्हतं, आणि कधी कळणारही नव्हतं. हर्कमायाला वाटलं, त्याच्यामागे पळत जावं आणि त्याचा तो सोन्याचा दात दगडाने पाडावा. पण ती वळली ती नवऱ्याकडे.

“उठा!” ती किंचाळली. “उठा म्हणतोस त्याला? दाजू म्हणून? अहोजाहो करून? आणि मला इतकी वर्षं ताटात हात वाढलास!”

“मला काय माहीत होतं!”

“माहीत नव्हतं म्हणजे? मी बोलले नव्हते तुला? इस्पितळात, पहिल्या दिवशी, बोलले नव्हते? त्याचं ऐकलंस आणि माझं नाही! मी तुझ्या पायातले बूट मागेन? आजारी नवऱ्याच्या पायातले? असली बाई आहे मी? असल्या बाईबरोबर जेवत होतास?”

“आणि तू?” तोही उठला होता, फळी धरून. “मी नाही पाठवले म्हणून किती वेळा सांगितलं! तर म्हणे डोक्याला सूज आली होती. येड्यात काढलंस मला. माझंच आठवणं माझ्यापासून काढून घेतलंस. मलाही वाटायला लागलं, दिले असतील आपण, आपल्याला आठवत नसेल. रात्र रात्र आठवत बसायचो!”

“मग बोलायचं होतंस!”

“कुणाशी? तू कुठे होतीस? तू तर तिकडे पलीकडे!”

आवाज एवढा चढला की वरच्या मजल्यावरची सानुमैया, कपडे वाळत घालता घालता, हातात ओला परकर तसाच घेऊन खाली आली. “काय झालं गं? भरदुपारी काय हे? वस्ती गोळा होईल,” ती म्हणाली. आणि हर्कमायाने तिच्याकडे वळून, तिचा ओला दंड धरून, सगळं सांगायला सुरुवात केली. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं ते; खोकला, तंबू, रॉकेल, बूट, मोजे कोंबून घातलेले. माथ्यावर आपल्याला हसू आलं होतं हेही सांगितलं. ओरडूनच सांगितलं, नवऱ्याला ऐकू जावं म्हणून. “हसत होते मी तिथे! ऊन पडलं होतं आणि मी हसत होते, कारण मला वाटत होतं माझ्या नवऱ्याने मला बूट दिलेत! आणि हा तिकडे बर्फात वाट चुकून—”

“बर्फ नव्हता,” रणधोज म्हणाला.

“काय?”

“बर्फ रात्री पडला. आधी धुकं होतं. आणि वाट नाही चुकलो मी. सगळे म्हणतात वाट चुकला. वाट मला माहीत होती.”

“मग तू सांग!” ती त्याच्यावर धावून गेली. “तूच सांग की! एवढं माहीत आहे तर! बर्फ नव्हता, वाट चुकली नव्हती, मग दिवसभर काय करत होतास? अर्ध्या दिवसाचा उतार तो!”

सानुमैयाच्या हातातल्या परकरातून पाणी जमिनीवर ठिबकत होतं.

“थांबत होतो,” तो म्हणाला. “चार पावलं उतरायचो आणि थांबायचो.”

“कशाला थांबलास, मूर्खा? खाली गाव होतं! उतरायचं सोडून थांबलास कशाला?”

“तुझे पाय जड पडतात,” तो म्हणाला. “लांबून ऐकू येतात. मी ऐकत होतो.”